गावातल्या प्राथमिक आरोग्य केंद्राचं खरं काम काय?

ताई, तुम्ही नुकत्याच ग्रामपंचायतीवर निवडून आलात. पहिल्याच ग्रामसभेत एका वयस्कर गृहस्थांनी विचारलं, की गावात एवढी मोठी आरोग्य केंद्राची इमारत आहे, पण सकाळी चाळीसेक पेशंट, दुपारनंतर शुकशुकाट, रात्री डॉक्टर सापडत नाही. ज्याला परवडतं तो तालुक्याला खासगीत जातो. मग हे केंद्र गावाच्या काय कामाचं? तुम्हाला तेव्हा उत्तर देता आलं नाही, म्हणून तुम्ही मला विचारलंत. मी जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागात २७ वर्षं काढली, आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकारी म्हणून आणि नंतर तालुका आरोग्य अधिकारी म्हणून. हाच प्रश्न मला कितीतरी गावांत विचारला गेलाय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

त्या गृहस्थांचा राग खरा आहे, तो मी उडवून लावणार नाही. रात्रीच्या डॉक्टरबद्दल पुढे लिहितो. पण त्यांनी केंद्राचं माप ओपीडीवरून काढलं, तिथे थोडी गल्लत झाली आहे.

सपाटीच्या भागात साधारण ३०,००० लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असतं, डोंगरी आणि आदिवासी भागात २०,००० मागे. त्याखाली ५,००० मागे (डोंगरी भागात ३,००० मागे) एक उपकेंद्र आणि साधारण १,००० लोकांमागे एक आशा कार्यकर्ती. आता हिशोब करा. सकाळी चाळीस जण आले, तर उरलेले २९,९६० त्या दिवशी आले नाहीत. त्यातले बहुतेक ठणठणीत असतात, ठीकच आहे. पण महाराष्ट्राचा जन्मदर हजारी पंधराच्या आसपास धरला, तर तेवढ्या लोकसंख्येत वर्षाला साडेचारशे बाळं जन्माला येतात. म्हणजे कुठल्याही दिवशी तीनशेच्या वर गरोदर बाया त्या परिसरात असतात. दोन आठवडे खोकणारा आणि तपासायला न येणारा कुणीतरी असतो. साखर वाढलेली आहे आणि स्वतःला पत्ता नाही, असे तर कितीतरी. केंद्राला पगार मिळतो तो या सगळ्यांसाठी. जो दारात आला त्याला गोळ्या द्यायच्याच, पण जो आला नाही त्याची यादी ठेवायची, त्याच्या घरी जायचं आणि तो आजारी पडण्याआधी काही करता येतं का ते बघायचं. हे काम ग्रामसभेत बसलेल्या माणसाला दिसत नाही. एखाद्याला कॉलरा झालाच नाही, तर तो कुणाला येऊन सांगणार की मला झाला नाही?

ही कल्पना आजची नाही. १९४३ साली नेमलेल्या भोर समितीने १९४६ साली अहवाल दिला. आजार बरा करणं आणि आजार होऊ न देणं ही दोन्ही कामं एकाच केंद्रातून, एकाच माणसांनी करावीत, असं त्यात मांडलं होतं. १९५२ पासून सामुदायिक विकास कार्यक्रमातून अशी केंद्रं उभी राहू लागली. समितीला हवी होती तेवढी माणसं आणि खाटा कधीच मिळाल्या नाहीत, पण सांगाडा तोच राहिला.

आता एक प्रसंग सांगतो.

जूनचा दुसरा आठवडा होता, पहिला चांगला पाऊस दोन दिवस आधी होऊन गेला होता. सकाळच्या ओपीडीत जुलाब-उलट्यांचे तीन पेशंट आले: एक म्हातारे आजोबा, एक शाळकरी मुलगी आणि एक बाळंतीण. पावसाळ्याच्या तोंडाला तीन पेशंट म्हणजे काही विशेष नाही. पण केसपेपरवर तिघांची वाडी एकच होती. औषध देणाऱ्या आमच्या फार्मासिस्टने आतून सांगितलं, "साहेब, त्याच वाडीची अजून दोघं काल ओआरएसच्या पुड्या घेऊन गेलीत." मी ओपीडी दुसऱ्या डॉक्टरांवर सोपवली. आरोग्यसेवक, सिस्टर, गटप्रवर्तक (आशांच्या पर्यवेक्षिका) आणि आशा यांना घेऊन वाडीवर गेलो. घरोघर विचारत संध्याकाळपर्यंत तेवीस जण सापडले. यातले अठरा दवाखान्यात आलेच नव्हते. कुणी मेडिकलमधून गोळी आणून घेतली होती, कुणी 'पाणी बदललंय, होईल बरं' म्हणून झोपून होतं.

आमच्या आरोग्यसेवकाने एका जुन्या रजिस्टरच्या पाठकोऱ्या पानावर वाडीचा कच्चा नकाशा काढला आणि आजारी घरांवर फुल्या मारल्या. बहुतेक फुल्या देवळाच्या खालच्या आळीत पडल्या. वरच्या आळीत एकच. दोन्ही आळ्यांना टाकी एकच, पण पाइप वेगळे. खालच्या आळीच्या नळाचं पाणी परीक्षानळीत घेऊन ओटीचे थेंब टाकले. ओटी म्हणजे ऑर्थोटोल्यूडीन. पाण्यात क्लोरीन शिल्लक असेल तर रंग पिवळा होतो. नळीतलं पाणी पांढरंच राहिलं. वरच्या आळीतही पांढरंच. म्हणजे दोन गोष्टी बिघडल्या होत्या.

पहिली लगेच सापडली. पंपहाऊसमध्ये टीसीएल पावडरची (पाणी शुद्ध करायच्या ब्लीचिंग पावडरची) पिशवी तोंड उघडं ठेवून ओल्या भिंतीला टेकवलेली होती. ताज्या पावडरमध्ये तेहतीस टक्क्यांच्या आसपास क्लोरीन असतो. पिशवी उघडी राहिली, ओल लागली, ऊन लागलं की तो उडून जातो आणि मागे उरतो तो चुना. पाणी सोडणारा माणूस रोज मनापासून पावडर टाकत होता. तो टाकत होता चुना. दुसरा बिघाड शोधायला दुसरा दिवस लागला. खालच्या आळीचा पाइप गटारातून गेला होता आणि गटारात त्याचा एक सांधा सुटलेला होता. पाणी चालू असतं तेव्हा दाबामुळे ते बाहेर गळतं. पाणी बंद झालं की रिकामा पाइप उलट बाहेरचं ओढून घेतो. आपल्याकडे पाणी तासभर येतं आणि बाकी दिवस पाइप रिकामा असतो, त्यामुळे प्रत्येक गळती ही घाण आत येण्याची वाट असते. पहिल्या पावसाने गटार भरलं आणि ते सगळं आत गेलं.

आम्ही तिथल्या शाळेत सलाइनची सोय केली, घरोघर ओआरएस दिलं, शौचाचे नमुने प्रयोगशाळेत पाठवले, पाणी उकळून प्यायला सांगितलं. सगळे वाचले. पण साथ थांबली ती ग्रामपंचायतीच्या प्लंबरने दोन फूट पाइप बदलला आणि नवी पावडर आली तेव्हा. मी तिथे डॉक्टर होतो, पण तो पाइप बदलायचा अधिकार माझ्याकडे नव्हता. पावडर विकत घ्यायचाही नव्हता. ते ग्रामपंचायतीचं काम होतं.

ताई, मला तुम्हाला सांगायचं ते इथेच आहे. आरोग्य केंद्र हे गावाचे डोळे आणि कान आहेत, पण हात बहुतांश तुमच्याकडे आहेत. पाणी, गटार, उकिरडा, शाळेचं संडास, अंगणवाडीची जागा यातलं काहीही वैद्यकीय अधिकाऱ्याच्या हातात नसतं. तो तपासू शकतो, मोजू शकतो, लेखी कळवू शकतो. कळवल्यावर पुढे काही झालं नाही, तर त्याचं रजिस्टर भरतं आणि वाडी आजारी पडते.

म्हणून पाण्याच्या कार्डाचं प्रकरण नीट समजून घ्या. पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर आरोग्य विभागाची माणसं गावातल्या प्रत्येक पाणी स्रोताची पाहणी करतात: विहिरीला कठडा आहे का, भोवती डबकं साचतं का, पाइपला गळती आहे का, पावडरचा साठा पुरेसा आहे का. त्यावरून ग्रामपंचायतीला लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड मिळतं. लाल म्हणजे धोका मोठा. सलग पाच वर्षं हिरवं राहिलं आणि साथ आली नाही तर चंदेरी. बऱ्याच ठिकाणी हे कार्ड ग्रामपंचायत कार्यालयातल्या कपाटात जातं आणि सदस्यांना माहीतही नसतं. तुमच्या गावाचं कार्ड कोणत्या रंगाचं आहे, आणि लाल-पिवळं असेल तर कोणत्या त्रुटींमुळे, हे मासिक सभेत विचारा. त्या कार्डासोबत त्रुटींची यादी असते. ती म्हणजे तुमच्या पुढच्या वर्षाच्या पाणीपुरवठा खर्चाचा तयार आराखडाच.

आणि पावडरचा हिशोब. चांगली पावडर असेल तर हजार लिटरला साधारण अडीच ग्रॅम पुरते. पाणी गढूळ किंवा पावडर जुनी असेल तर जास्त लागते. म्हणजे ५०,००० लिटरच्या टाकीला सव्वाशे ग्रॅम. सरळ टाकीत फेकायची नाही. बादलीत थोड्या पाण्यात कालवून, वर पाणी भरून, चुना खाली बसू द्यायचा आणि वरचं नितळ पाणी टाकीत ओतायचं. मग तासभर पाणी सोडायचं नाही, क्लोरीनला जंतू मारायला वेळ लागतो. पाणी सोडल्यावर तपासायचं ते टाकीजवळच्या घरी नाही, पाइपच्या शेवटच्या टोकाच्या घरी. तिथे लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक हवा, साथीच्या काळात ०.५. टोकाच्या घरी पिवळा रंग आला तर मधल्या सगळ्या घरांची काळजी मिटली.

'डोळे आणि कान' म्हणालो, त्याचं सगळ्यांना माहीत असलेलं एक उदाहरण पुरंदर तालुक्यातल्या बेलसरचं आहे. जुलै २०२१. कोविडची दुसरी लाट ओसरत होती, सगळ्या यंत्रणेचं लक्ष तिकडेच होतं. अशा वेळी बेलसरमध्ये तापाचे पेशंट नेहमीपेक्षा जास्त यायला लागले. तापाला कोविड म्हणून मोकळं होणं तेव्हा अगदी सोपं होतं. तिथून नमुने पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेत गेले आणि आधी चिकुनगुन्या सापडला. मग संस्थेचं पथक आलं. बेलसर आणि परिंचे परिसरातल्या ४१ नमुन्यांत २५ चिकुनगुन्याचे, ३ डेंग्यूचे आणि एक झिकाचा निघाला. महाराष्ट्रातला झिकाचा तो पहिला रुग्ण. एवढ्या मोठ्या राज्यात तो आधी एका गावात सापडला, कारण तिथे कुणीतरी ताप मोजत होतं. नेहमी किती असतात हे ज्याला माहीत असतं, त्यालाच जास्त झाले हे कळतं. दर आठवड्याला आमच्या सिस्टर, डॉक्टर आणि प्रयोगशाळा तंत्रज्ञ जी आकडेवारी भरतात (पूर्वी कागदावर, आता पोर्टलवर), ती लोकांना कारकुनी वाटते. नव्या डॉक्टरांनाही वाटते. मलाही पहिली दोन वर्षं वाटायची.

डासांचंही तसंच. धुराची गाडी फिरली की लोकांना काम झाल्यासारखं वाटतं, सदस्यही तीच मागणी करतात. धुराने उडणारे डास मरतात, हौदातल्या अळ्या तशाच राहतात आणि चार-सहा दिवसांत नवे डास तयार होतात. डेंग्यूचा डास स्वच्छ साठवलेल्या पाण्यात अंडी घालतो, आणि अंडी भांड्याच्या कडेला कोरडी पडूनही महिनोन्‌महिने टिकतात. आठवड्यातून एक दिवस भांडी रिकामी करून घासून कोरडी ठेवा, असं आशाताई सांगत फिरतात ते यासाठी. नुसतं ओतून चालत नाही, कडा घासायला हव्यात. ज्या गावात पाणी आठ दिवसांनी येतं तिथे हे सांगणं किती अवघड जातं, ते मी पाहिलंय. बाई म्हणते, "डॉक्टर, पिंप रिकामं केलं तर मंगळवारपर्यंत पिऊ काय?" तिचं बरोबर असतं. तिथे पिंपाला घट्ट झाकण किंवा कापड बांधणं आणि हौदात गप्पी मासे सोडणं, एवढंच हातात राहतं.

आता लसीकरण, कारण न आलेल्यांचा मुद्दा तिथे सगळ्यात लख्ख दिसतो. केंद्रात आयएलआर नावाचा फ्रीज असतो. त्यात लस २ ते ८ अंशांत राहायला हवी. त्याचं तापमान सकाळ-संध्याकाळ लिहून ठेवतात, रविवारी आणि दिवाळीलाही. वीज गेली की त्या फ्रीजची काळजी सगळ्यात आधी. तुमच्या केंद्राचा इन्व्हर्टर बंद पडलाय का, हे एकदा विचारून ठेवा.

गोवराचा एक रुग्ण, लस न घेतलेल्या माणसांमध्ये, बारा ते अठरा जणांना आजार देऊ शकतो. म्हणून १०० पैकी ९५ मुलं तरी सुरक्षित लागतात. आमच्या एका केंद्राचा आकडा ९६ होता, मीटिंगमध्ये कौतुक झालं. त्याच नोव्हेंबरात कारखान्याच्या ऊसतोड टोळ्या आल्या आणि ओढ्याकाठी त्यांच्या कोप्या (झोपड्या) पडल्या. त्या कोप्यांतल्या मुलांची नावं कुणाच्याच यादीत नव्हती, कारण ती यादी त्यांच्या बीडकडच्या गावी होती आणि मुलं इथे होती. सरासरी ९६ आणि ओढ्याकाठी जवळजवळ शून्य.

तिथल्या आशाताई सकाळी गेल्या, तर फक्त म्हातारी आणि पोरं. आई-बाप पहाटे चारलाच फडात गेलेले. म्हातारी म्हणाली, मला विचारू नका. मग त्या संध्याकाळी पुन्हा गेल्या, चुली पेटल्यावर. एकेका कोपीपुढे बसून पोरांची वयं काढली, कुणाचं पोळ्याला जन्मलेलं, कुणाचं गेल्या ऊसतोड हंगामाच्या वेळचं. दुसऱ्या दिवशी सिस्टर लसीचा डबा घेऊन टोळी परतायच्या वेळी तिथेच थांबल्या. गोवर-रुबेलाची कुपी एकदा विरघळवली की चार तासांत संपवायची असते, उरलेली फेकावी लागते. म्हणून लोकांना वाटतं, एका पोरासाठी कुपी फोडून लस वाया कशाला घालवायची. नियम उलटा आहे: एक जरी बाळ आलं तरी कुपी फोडायची. सिस्टरनी फोडली. पहिल्या पोराला दिलेलं बघून बाकीच्या आयाही पुढे आल्या.

त्या आशाताईंना नियमित पगार नाही, मानधन आणि कामाप्रमाणे मोबदला मिळतो, आणि संध्याकाळी दुसऱ्यांदा गेल्याचा तर कुणी हिशोबही ठेवत नाही. तुम्ही ग्रामपंचायतीत आहात. आशाताईंना बसायला जागा, मीटिंगला मान आणि रात्री बाळंतिणीबरोबर जावं लागलं तर गाडीची सोय, एवढं तुमच्या हातात आहे. याबद्दल मी फार आग्रही आहे, कारण या बाया नसतील तर केंद्र म्हणजे खरंच एक रिकामी इमारत उरेल. नवजात बाळाला ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी जाऊन बघण्याचं काम आज देशभरातल्या आशा करतात. वजन, ताप, श्वास, अंगावर पिणं. त्याचं मूळ आपल्याच गडचिरोलीत आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने दाखवून दिलं, की गावातली शिकवलेली बाई घरी जाऊन नवजात बाळांचे मृत्यू कमी करू शकते.

एक अपयशही सांगायला हवं. अजून मनातून गेलेलं नाही.

आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. चांगली रीत आहे, पोरीला विश्रांती मिळते. पण आरोग्य यंत्रणेसाठी ती सातव्या-आठव्या महिन्यात पडणारी मोठी फट आहे. आमच्या एका उपकेंद्रात नोंदलेल्या मुलीचं हिमोग्लोबिन सातच्या खाली होतं. सातच्या खाली म्हणजे तीव्र रक्तक्षय. तिच्या गरोदरपणाच्या कार्डावर लाल शिक्का मारला, शिरेतून लोहाची इंजेक्शनं सुरू केली. दोन झाली आणि ओटीभरण होऊन ती माहेरी गेली, दुसऱ्या तालुक्यात. कार्ड सासरीच कपाटात राहिलं. तिथल्या सिस्टरना ती जोखमीची आहे हे माहीत नव्हतं. प्रसूतीनंतर रक्तस्राव झाला, आधीच रक्त नसलेल्या अंगातून. वाटेत गाडी बदलावी लागली. ती वाचली नाही, बाळ वाचलं.

माता मृत्यूची चौकशी घरी जाऊन करायची असते. मी तिच्या सासूसमोर बसलो होतो. सासूने आतून ते कार्ड आणून माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, "हे तिच्यासंगं द्यायचं असतं का, साहेब? कुणी सांगितलं असतं तर दिलं असतं." अशा चौकशीत तीन उशीर तपासतात: घरात निर्णय घ्यायला झालेला, पोचायला झालेला, पोचल्यावर उपचाराला झालेला. इथे त्या तिन्हींच्याही आधी आमचा उशीर होता. एक फोन करायचा राहिला होता.

त्यानंतर आमच्या तालुक्यात सातव्या महिन्याच्या प्रत्येक गरोदर बाईपुढे माहेरच्या गावाचं नाव आणि तिथल्या आशाताईंचा नंबर लिहायचा नियम केला. कार्ड तिच्या पिशवीत गेलं का, हे इथली आशा निघायच्या दिवशी बघते. कसली योजना नाही, निधी नाही, रजिस्टरमध्ये पेनाने आखलेला एक जादा रकाना. तुम्ही बाई आहात, गावातल्या ओटीभरणाला तुम्हाला बोलावतात. तिथे "कार्ड घेतलंस का गं?" एवढं विचारलंत, तर ते आमच्या दहा फलकांपेक्षा जास्त पोचेल.

ग्रामसभेतल्या त्या गृहस्थांना वाटत असेल की हे सगळं प्रतिबंधाचं झालं, उपचाराचं काय? तर उपचारही आहे आणि तो हलका नाही. कोकणात पूर्वी लाल विंचू चावला की माणसं, विशेषतः पोरं, फुप्फुसात पाणी भरून मरायची. डॉ. हिंमतराव बावस्कर महाड तालुक्यात बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात होते. त्यांनी पेशंटच्या उशाशी बसून रात्र-रात्र नाडी, रक्तदाब, श्वास नोंदवले आणि पुढे प्राझोसिन या रक्तदाबाच्या गोळीचा वापर बसवला. ते काम 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं, जगभर पोचलं आणि २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. तुमच्या केंद्रातही सर्पदंशावरचं प्रतिविष आणि कुत्रा चावल्यावरची इंजेक्शनं असायला हवीत. आहेत का, किती आहेत, मुदत कधी संपते, हे मे महिन्यातच विचारा. पेरणी सुरू झाल्यावर विचारून उपयोग नाही.

आता रात्रीचा डॉक्टर. केंद्रात वैद्यकीय अधिकाऱ्यांची दोन पदं असतात. दोन्ही भरलेली असतील, तर रात्री फोनवर येणारा डॉक्टर मिळायलाच हवा आणि प्रसूतीसाठी सिस्टर चोवीस तास. पण एक पद रिकामं असेल, तर उरलेला एक माणूस दिवसा ओपीडी, दुपारी उपकेंद्र भेट, संध्याकाळी मीटिंग करून रोज रात्री जागू शकत नाही. चार महिन्यांत तोही बदली मागतो. म्हणून भांडण डॉक्टरशी सुरू करू नका. आधी विचारा: मंजूर पदं किती, भरलेली किती, रिकामं पद कधीपासून? मग आवारातल्या निवासस्थानात जाऊन छप्पर बघा. मी ज्या घरात राहिलो, तिथे पावसाळ्यात पलंग रोज रात्री सरकवावा लागायचा. लहान मूल असलेला डॉक्टर तिथे का राहत नाही, याचं उत्तर बऱ्याचदा त्या छपरात असतं. आणि पदं भरलेली आहेत, घर चांगलं आहे, तरी माणूस रात्री नसतो, असं असेल तर मात्र ठणकावून बोला, तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना लेखी द्या. ड्युटीचा तक्ता दर्शनी भिंतीवर लावायला लावा.

बोलायला जागा आहेत. केंद्राची रुग्ण कल्याण समिती असते, गावाची आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती असते आणि तिला वर्षाला १०,००० रुपयांपर्यंत अबंधित निधी मिळण्याची तरतूद आहे. बऱ्याच गावांत या समितीची सभा कागदावरच होते. २००७ पासून महाराष्ट्रात लोकाधारित देखरेख सुरू झाली. तिच्या जनसुनवाईत गावकरी आम्हा अधिकाऱ्यांना समोर बसवून प्रश्न विचारायचे. पहिल्या जनसुनवाईत मी घामाघूम झालो होतो. एक आजी म्हणाल्या, बाहेरची औषधं आणायला चिठ्ठी का देता? माझ्याकडे उत्तर नव्हतं. पुढच्या महिन्यापासून औषधांच्या साठ्याचा फलक बाहेर लागला, आणि खरं सांगतो, त्या फलकामुळे मलाही वरून औषध मागायला जोर मिळाला.

ग्रामसभेत त्या गृहस्थांना एवढं सगळं सांगत बसू नका. उद्या केंद्रातून ओटीची बाटली आणि परीक्षानळी घ्या, आरोग्यसेवकांना आणि शक्य झालं तर त्या गृहस्थांनाही बरोबर घ्या, आणि पाणी सुटायच्या वेळी पाइपच्या अगदी शेवटच्या घरी जा. पहिली पाच मिनिटं पाणी वाहू द्या, मग नळी भरून थेंब टाका. ते पाणी नंतर ओतून द्या, पिऊ नका. रंग आला तर सिस्टरना आणि पाणी सोडणाऱ्या माणसाला शाबासकी द्या. आला नाही तर तिथूनच पंपहाऊसला जा आणि पिशवीचं तोंड बांधलेलं आहे का बघा.